जीएम नव्हे, जीन एडिटिंग! भाताच्या नव्या वाणांचे तंत्र काय? शेतकरी विश्वास ठेवणार का?

केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ४ मे २०२५ रोजी जीनोम एडिटिंगने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यानंतर ‘हेही जीएमच का?’ हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. नेमका फरक काय आणि शंका कुठून येतात, समजून घेऊया.

कोणते आहेत हे वाण?

पहिला ‘डीआरआर धान १०० (कमला)’. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने तो ‘सांबा महसुरी’ या लोकप्रिय वाणापासून तयार केला. त्यात एका जनुकाचे काम थांबवले आहे, त्यामुळे लोंबीत दाणे जास्त भरतात. हा वाण सुमारे २० दिवस आधी कापणीला येतो, असा संस्थेचा दावा आहे. दुसरा दिल्लीच्या ‘पुसा’ संस्थेचा ‘पुसा डीएसटी राइस १’. तो पूर्व विदर्भातील धान उत्पादकांच्याही ओळखीच्या ‘एमटीयू १०१०’ पासून बनवला असून खारवट जमिनीत तग धरेल, असे सांगितले जाते.

जीएम आणि एडिटिंगमध्ये फरक काय?

बीटी कपाशीत मातीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. म्हणजे पुस्तकात दुसऱ्या पुस्तकाचे पान चिकटवण्यासारखे. एडिटिंगमध्ये त्याच पुस्तकातील एखादे अक्षर बदलतात. त्यासाठी ‘क्रिस्पर’ ही जनुकीय कात्री वापरतात. तिच्या शोधाला २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बाहेरचे जनुक शिल्लक नसलेल्या अशा पिकांना केंद्राने मार्च २०२२ मध्ये जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली.

मग शंका का?

याचे उत्तर कपाशीच्या शेतात आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, फवारणी घटली. पण गुलाबी बोंडअळीने हळूहळू प्रतिकारशक्ती मिळवली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात कपाशीचे मोठे नुकसान झाले.

यात दोष फक्त तंत्रज्ञानाचा नव्हता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे वेगळे मिळायचे. ते कडेने पेरले की अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. पण ते का पेरायचे, हे बांधापर्यंत नीट पोहोचलेच नाही. अनेकांनी ते पेरले नाही. त्यात फरदड घेतल्याने अळीला खाद्य मिळत राहिले. शेतकऱ्याच्या लक्षात राहिले ते एवढेच : ‘अळी येणार नाही म्हणाले होते, आली.’

शेतकरी विज्ञानविरोधी आहेत?

तसे म्हणता येणार नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे पेरली, काहींवर गुन्हेही दाखल झाले. मागणी होती तंत्रज्ञान द्या! दुसरीकडे, जालन्याच्या ‘महिको’ने विकसित केलेल्या बीटी वांग्यावर जनसुनावण्यांनंतर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. निंदणीच्या मजुरीने बेजार झालेला शेतकरी आणि ताटातल्या भाजीची काळजी करणारा ग्राहक, दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. दोघांनाही ‘अडाणी’ म्हणून गप्प करता येणार नाही.

आता पुढे काय?

नव्या भाताच्या चाचण्यांच्या आकडेवारीवर जीएमविरोधी संघटनांनी आक्षेप घेतले, भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले. पण नुसत्या खुलाशाने शंका मिटत नाही. कोणत्या जिल्ह्यात किती उतारा मिळाला, कुठे वाण कमी पडला, हे सारे आकडे मराठीसह स्थानिक भाषांत खुले व्हायला हवेत. बियाण्याचे पाकीट हाती देताना फायद्यासोबत मर्यादाही सांगायला हवी. कपाशीच्या वेळी राहून गेलेले हे काम भाताच्या वेळी तरी पेरणीआधी व्हायला हवे.