एक फॉर्म, तीन बटणं

मराठी विकिपीडियावर एखाद्या लेखाचा स्रोत संपादित करायला घेतला की मजकुराच्या चौकटीखाली तीन बटणं दिसतात. एकाने बदल प्रकाशित होतात, दुसऱ्याने आधी झलक पाहता येते, तिसऱ्याने जुन्या आणि नव्या मजकुरातला फरक कळतो. तिन्ही बटणं एकाच फॉर्ममधली, आणि तिन्ही तोच मजकूर सर्व्हरकडे नेणारी. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद केली तरी ही कामं होतात. तरीही या सोयीबद्दल वेब शिकणाऱ्यांच्या मनात बरेच गैरसमज असतात.

गैरसमज : फॉर्मला सबमिट बटण एकच असतं, दुसरं हवं तर स्क्रिप्ट लिहावीच लागते.

वस्तुस्थिती : हवी तेवढी बटणं ठेवता येतात. डिसेंबर १९९९च्या एचटीएमएल ४.०१ मानकात नियम स्पष्ट आहे : जे बटण दाबलं त्याचंच नाव आणि मूल्य पाठवायचं, बाकीच्यांचं नाही. म्हणजे कोणतं बटण दाबलं, हे सर्व्हरला इतर माहितीसोबतच कळतं. फक्त बटणाला ‘नेम’ दिलेलं हवं. बिननावाचं बटण फॉर्म पाठवतं, पण स्वतःबद्दल काहीच सांगत नाही.

गैरसमज : बटणावरचा मजकूर वाचून सर्व्हरने काम ओळखावं.

वस्तुस्थिती : हे चालतं, पण फार काळ टिकत नाही. ‘इनपुट’ प्रकारच्या बटणात दिसणारा मजकूर हेच मूल्य असतं. संकेतस्थळ मराठीत आणताना ‘सेव्ह’चं ‘जतन करा’ झालं की सर्व्हरवरची तुलना फसते. विकिपीडियामागची मीडियाविकी ही प्रणाली ‘डब्ल्यूपीप्रिव्ह्यू’ किंवा ‘डब्ल्यूपीडिफ’ हे नाव आलं आहे का, एवढंच पाहते. बटणावर कोणत्या भाषेत काय लिहिलं आहे, याने तिला फरक पडत नाही.

‘बटन’ हा घटक वापरला तर दिसणारा मजकूर आणि मूल्य वेगवेगळं ठेवता येतं. त्याबद्दलची भीती इंटरनेट एक्सप्लोररच्या जमान्यातली आहे. त्याची सहावी आवृत्ती अशा सगळ्याच बटणांची नावं पाठवून द्यायची, आणि सातवीपर्यंत मूल्याऐवजी दिसणारा मजकूरच जायचा. आजच्या ब्राउझरांत हा दोष नाही.

गैरसमज : एंटर दाबल्यावर कोणतं बटण लागू होईल, याचा नेम नाही.

वस्तुस्थिती : कोडच्या क्रमात जे सबमिट बटण पहिलं, तेच दाबलं गेलं असं ब्राउझर धरतो. सीएसएसने पडद्यावरची जागा बदलली तरी हा क्रम बदलत नाही. म्हणून ‘हटवा’ कधीही पहिलं ठेवू नये. काही ब्राउझर एंटरनंतर कोणत्याच बटणाचं नाव पाठवत नसत. त्यासाठी मीडियाविकीच्या कोडमध्ये तजवीज आहे : झलक किंवा फरक मागितलेला नसेल, तर जतन करायचं आहे असं समजायचं.

गैरसमज : अर्धवट मसुदा जतन करायचा किंवा फॉर्म दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचा, तर स्क्रिप्टला पर्याय नाही.

वस्तुस्थिती : ऑक्टोबर २०१४मध्ये मानक म्हणून जाहीर झालेल्या एचटीएमएल ५मध्ये दोन्हींची सोय आहे. ‘मसुदा ठेवा’ या बटणाला ‘फॉर्मनोव्हॅलिडेट’ लावलं की अनिवार्य रकाने रिकामे असले तरी ब्राउझर अडवत नाही. ‘फॉर्मॲक्शन’ने त्या बटणापुरता पत्ता बदलतो.

गैरसमज : जावास्क्रिप्ट सगळ्यांकडे असतेच, मग हा खटाटोप कशाला?

वस्तुस्थिती : ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१३मध्ये आपल्या संकेतस्थळावर हे मोजून पाहिलं. १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्टच्या सोयी पोहोचत नव्हत्या. त्यात स्क्रिप्ट बंद असलेले किंवा ती न चालणारा ब्राउझर वापरणारे जेमतेम ०.२ टक्के होते. उरलेल्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरमध्ये ती चालायला हवी होती, तरी चालली नाही. सरकारी अर्ज भरणारा माणूस या ०.९ टक्क्यांत असेल, तर त्याचं काम अडू नये यासाठी हा खटाटोप करायलाच हवा.

गैरसमज : बटण दाखवलंच नाही, तर ते काम कुणाला करता येणार नाही.

वस्तुस्थिती : बटणाचं नाव म्हणजे विनंतीतली आणखी एक नोंद, ती कुणीही हाताने जोडून पाठवू शकतो. ‘मंजूर करा’ हे बटण फक्त अधिकाऱ्याच्या पडद्यावर दिसत असलं, तरी मंजुरीची विनंती आल्यावर पाठवणाऱ्याचा अधिकार सर्व्हरने दर वेळी तपासायलाच हवा.