अभंगावरची सही कोणाची?

अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव गुंफतो. नाममुद्रा ऐकली की कर्ता कोण ते कळलं, असा साधा हिशोब. पण ज्ञानदेवांच्या म्हणून गायल्या जाणाऱ्या कितीतरी अभंगांत शेवटी येतो तो ‘बापरखुमादेवीवरु’, म्हणजे रखुमाईचा पती, खुद्द विठ्ठल! सही देवाची, मग लिहिणारा कोण?

‘ज्ञानेश्वरी’ लिहिणारे माउलीच, दुसरं कोण असणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या लेखकाने नेमकं यावरच बोट ठेवलं: ज्ञानेश्वरीकार वेगळे, अभंगकार वेगळे. (हा भारद्वाजही टोपणनावाचाच. खरं नाव शिवराम एकनाथ भारदे.) केवढं वादळ उठलं असेल! पण त्यांचे मुद्दे सहज झटकता येण्याजोगे नव्हते. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९०च्या त्या ग्रंथात, सुमारे नऊ हजार ओव्यांत, पंढरीचा विठ्ठल कुठे येत नाही. अभंगांत मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. भाषाही निराळी. ज्ञानेश्वरी वाचताना शब्दार्थ हाताशी लागतात. अभंग निरक्षर माणसालाही तोंडपाठ.

उलट बाजू मला अधिक पटते. एक तर गीतेवरच्या टीकेत विठ्ठल यायलाच हवा, असं कुठे आहे? दुसरं, अभंग शतकानुशतकं तोंडातून तोंडात फिरले. ज्याने गायला त्याने नकळत आपल्या काळाची बोली त्यात मिसळली. लेखी ग्रंथाचं काय झालं पाहा: नकला करता करता ज्ञानेश्वरीत इतके अपपाठ शिरले की शके १५०६ मध्ये, तीनशे वर्षांच्या आतच, एकनाथांना ती शुद्ध करायला बसावं लागलं. कागदावरचं शाबूत राहिलं नाही, तर टाळ-मृदंगाच्या गजरातलं जसंच्या तसं कसं राहील? तेव्हा नव्या भाषेवरून कवीच नवा ठरवणं घाईचं.

नामदेवांच्या गाथेत मात्र गुंता उलटा आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव आणि सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा हे दोघे वेगळे, हे अभ्यासक सहसा मान्य करतात. ‘नामा’ ही मुद्रा दोघांचीही. भांडण आहे ते कोणता अभंग कोणत्या नाम्याचा, एवढ्यावरच.