गच्चीवरील घटिकायंत्र

लग्नघरीं पाण्याच्या घंगाळांत तांब्याचें घटिकापात्र सोडावें, बुडाच्या छिद्रांतून पाणी शिरून तें बुडालें कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें झालीं असें समजावें, ही रीत आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस ऐकून तरी ठाऊक असेल. आज सेकंदाच्या कोट्यंशाचा हिशेब ठेवणारें यंत्र सामान्य गृहस्थास आपल्या घरीं मांडतां येतें.

इतकी सूक्ष्मता घरीं कशास? चंद्र एखाद्या ताऱ्यास झांकतो तो क्षण नोंदण्याचा आम्हांस छंद आहे. चंद्र आपल्या कक्षेंत सेकंदास सुमारें १ किलोमीटर सरकतो. एकदां घड्याळ २ सेकंद मागें राहिलें आणि जागरण करून घेतलेली नोंद २ किलोमीटरांनीं चुकली! त्या कामास कोट्यंश लागत नाहीं हें खरें. पण छंदास मर्यादा कोठून असावी?

जी. पी. एस.चे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात व प्रत्येकांत अणुघड्याळें असतात. त्यांचे संदेश ग्रहण करणारें यंत्र दर सेकंदास एक ठोका देतें. हा ठोका किंचित् मागेंपुढें होतो, परंतु महिनोन्‌महिने वाट चुकत नाहीं. उलट, घरच्या यंत्रांतील क्वार्ट्‌झचा स्फटिक क्षणोक्षणीं अत्यंत स्थिर, पण उष्णतेनें व वयोमानानें हळूहळू ढळणारा. एक चंचल परंतु सत्यवचनी, दुसरा शांत परंतु विसराळू. ठोक्यांशीं सतत ताडून पाहून स्फटिकास सावकाश वळण लावणें, एवढेंच या यंत्राचें मर्म.

यश मात्र बहुतांशीं अँटेनाच्या जागेवर अवलंबून असतें. चहूंकडे मोकळें आकाश हवें. पाण्याची टाकी अथवा भिंत जवळ असल्यास संदेश तिच्यावर आपटून उशीरा पोहोंचतो. आम्हीं प्रथम टाकीच्या आडोशास नळी रोविली ती दुसऱ्या दिवशीं उपटावी लागली. सांध्यांवर जलरोधक पट्टी घट्ट गुंडाळावी, आणि वळवाच्या विजांसाठीं तडितरक्षक व भूमिजोड यांत कसूर करूं नये. तारेंतून संदेशास मीटरमागें सुमारें ५ नॅनोसेकंद लागतात. आमच्या २० मीटर तारेचे १०० नॅनोसेकंद यंत्रास सांगावे लागले. नंतर कांहीं तास त्यास आपलें स्थान निश्चित करूं द्यावें. स्थान ठरल्यावर वेळेसाठीं एक उपग्रहही पुरतो.

आमचें यंत्र जुनें, दुसऱ्याच्या हातचें. सेकंद निर्दोष, पण तारीख ७,१६८ दिवस मागची! उपग्रहांच्या मूळ संदेशांत आठवड्यांची गणना १,०२४ झाली कीं पुन्हां शून्यावर येते. असें ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्रीं दुसऱ्यांदा घडलें, आणि जुन्या यंत्रांस तें उमजत नाहीं. "तिथि पंचांगांतच पाहत जा," असा मातोश्रींनीं निर्णय दिला. आम्हीं संगणकांत तेवढे दिवस मिळविण्याची आज्ञा लिहून ठेविली आहे.