‘गोळी’ : एक शब्द, अनेक वस्तू
(हरणांच्या शिकारीच्या संदर्भात एक अर्थविचार)

एकाच शब्दाने अनेक भिन्न वस्तूंचा निर्देश होऊ लागला, तर दैनंदिन व्यवहारात त्याची फारशी अडचण भासत नाही. शास्त्रीय आणि कायदेविषयक लेखनात मात्र अर्थाचा घोटाळा होतो. मराठीतील ‘गोळी’ हा शब्द याचे चांगले उदाहरण होय. ‘गोळा’ या शब्दाचे हे लघुत्वदर्शक रूप. इंग्रजी ‘बुलेट’ची घडणही अशीच आहे, कारण त्याच्या मुळाशी ‘लहान गोळा’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. आज बंदुकीतून सुटणाऱ्या बहुतेक वस्तू गोल राहिलेल्या नाहीत, पण नाव टिकून आहे. प्रस्तुत लेखात हरणांच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या अशा वस्तूंचे कार्य पाहून त्यांच्या नावांचा विचार करावयाचा आहे.

(१) गुळगुळीत नळी. शॉटगनच्या नळीला आतून आटे नसतात. तिचे माप ‘बारा बोअर’ असे सांगतात. नळीच्या व्यासाचे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरावेत, असा त्याचा मूळ अर्थ. त्यामुळे आकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. या नळीतून मुख्यत्वे छर्रे सुटतात. ते अंतराबरोबर पसरतात आणि प्रत्येक छर्ऱ्याची शक्ती झपाट्याने घटते. हरणासारखा प्राणी त्यांनी जागीच न मरता जखमी होऊन निसटण्याचा संभव मोठा. म्हणूनच जर्मनीच्या संघीय शिकार कायद्याने खुरांच्या प्राण्यांवर छर्रे झाडण्यास मनाई केली आहे.

याच नळीतून एकसंध शिशाचा तुकडा सोडावयाचा असल्यास ‘स्लग’ वापरतात. नळीत आटे नसल्याने त्याला परिवलन मिळत नाही. तरीही तो हवेत कोलांट्या खाऊ नये, ही खरी अडचण होती. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये स्लगच्या मागे हलकी शेपटी जोडून ती सोडविली. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ च्या सुमारास मागून पोकळ, पुढून जड असा आकार योजिला. बॅडमिंटनचे फूल जसे जड टोक पुढे ठेवून जाते, तसाच हा प्रकार. या स्लगांच्या अंगावरील तिरप्या खाचांनी ते गरगर फिरतात अशी समजूत आहे. वस्तुतः त्यामुळे मिळणारे परिवलन नगण्य असते. नळीच्या आवळलेल्या तोंडातून निभावून जाणे, हाच त्या खाचांचा मुख्य उपयोग.

(२) आट्यांची नळी. रायफलच्या नळीतील आटे गोळीला वेगाने फिरवितात आणि ती निमुळती असूनही स्थिर राहते. दोहोंतील अंतर पुढील सर्वसाधारण आकड्यांवरून ध्यानात येईल. बारा बोअरचा सुमारे २८ ग्रॅमचा स्लग नळीतून सेकंदास ४९० मीटर वेगाने निघतो. त्याची ऊर्जा सुमारे ३,४०० ज्यूल. .३०८ रायफलची ९.७ ग्रॅमची गोळी ८६० मीटर वेगाने निघते; ऊर्जा सुमारे ३,६०० ज्यूल. आरंभी दोघे जवळजवळ समबल. शंभर यार्डांवर मात्र बोथट स्लगचा वेग ३०० मीटरपर्यंत उतरून ऊर्जा सुमारे १,३०० ज्यूल उरते. रायफलच्या गोळीची सुमारे २,९०० ज्यूल शिल्लक असते.

परंतु ऊर्जा असणे आणि ती प्राण्याच्या शरीरात खर्ची पडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्लग मुळातच रुंद असल्याने त्याची जखम रुंद होते. पावणेआठ मिलिमीटरची गोळी पूर्णतः धातूच्या कवचात असेल, तर ती अरुंद छिद्र पाडून आरपार जाते आणि हरीण दूरवर पळून सावकाश मरते. म्हणून शिकारीच्या गोळीचे टोक मऊ वा पोकळ ठेवतात; आघाताने ते छत्रीसारखे फुलते. ते फार लवकर फुलले, तर मात्र जखम वरवरची होऊन हृदय-फुप्फुसे वाचतात. या पेचावर जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये मध्यभागी तांब्याच्या मिश्रधातूची आडभिंत असलेली गोळी आणली. तिचा पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून खोल जातो. अलीकडे शिशाच्या विषारीपणामुळे संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही प्रचारात आल्या असून, कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी केली.

(३) कायद्याची भाषा. फुलणाऱ्या गोळीला ‘दमदम’ हे नाव कलकत्त्याजवळील शस्त्रागारावरून पडले. हेग येथील २९ जुलै १८९९ च्या घोषणापत्राने युद्धात अशी गोळी निषिद्ध ठरविली. उलट, इंग्लंड व वेल्सला लागू असलेला १९९१ चा हरिणविषयक कायदा रायफलसाठी मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी सक्तीची करतो. हा विरोध वरवरचा आहे. युद्धात शत्रूस असमर्थ करणे पुरेसे मानले आहे, त्याहून अधिक यातना निषिद्ध. शिकारीत शीघ्र मृत्यू हीच दया. दोन्ही नियमांच्या मुळाशी अनावश्यक क्लेश टाळण्याचेच तत्त्व आहे.

याच कायद्यात, पिकांच्या रक्षणासाठी अपवाद म्हणून, बारा बोअरमधून किमान २२.६८ ग्रॅम वजनाची ‘गोलाकार नसलेली एकसंध’ वस्तू झाडण्याची मुभा आहे. तिचे भाषांतर ‘गोळी’ असे केल्यास ‘गोल नसलेली गोळी’ असा वदतोव्याघात पदरी पडतो. शिवाय आपण ‘दोन गोळ्या शिल्लक आहेत’ असे म्हणतो, तेव्हा बहुधा काडतुसेच अभिप्रेत असतात. काडतुसाचे वजन आणि त्यातून सुटणाऱ्या गोळीचे वजन एक मानले, तर वरील सर्व गणित कोसळते.

(४) निष्कर्ष. हा केवळ परदेशी शिकाऱ्यांचा प्रश्न नव्हे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने हरणांना संरक्षण दिले असून त्यांची शिकार हा गुन्हा आहे. अशा गुन्ह्याच्या पंचनाम्यात ‘गोळी लागून मृत्यू’ एवढेच लिहिले, तर महत्त्वाचा पुरावा शब्दातच हरवतो. रायफलच्या गोळीवर आट्यांच्या खुणा उमटतात आणि त्यांवरून शस्त्र ओळखता येते. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या छर्ऱ्यांवर त्या नसतात. म्हणून ‘छर्रा’, ‘स्लग’, ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ हे चार शब्द कटाक्षाने निरनिराळे वापरावेत, व ‘गोळी’ हा रायफलपुरता राखावा. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले, ‘बंदूक’ अरबी-फारसीतून. त्यांच्या पंक्तीस ‘स्लग’ बसल्याने मराठीचे काही बिघडणार नाही. परिभाषेची कसोटी शब्दाच्या कुळावर नव्हे, तर त्याने साधलेल्या भेदावर ठरते.