बॅटरी बदलण्यापूर्वी हे तपासा



भाजीची गाडी वेळेवर निघाली नाही तर काय नुकसान होते, हे तुम्हांला सांगायला नको. पहाटे तीन वाजता मिरचीची पोती गाडीत चढलेली असतात, आणि किल्ली फिरवली की सेल्फ ‘कट्’ असा एकच आवाज करून गप्प बसतो. चार जण धक्का मारतात, गाडी सुरू होते, पण बाजार उठलेला असतो. “बॅटरी गेली,” असे सगळे म्हणतात. नवी बॅटरी येते आणि काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार!

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने जुन्या डिझेल पिकअपसाठी आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या घेतल्या. दुसरी उतरली ती गोव्याला भाजी नेताना, चोर्ला घाटात, भर पावसात. दिवे मंद होत गेले, वायपर रेंगाळू लागले. कशीबशी गाडी कडेला घेता आली म्हणून माणसे बचावली. शेवटी दोष सापडला तो एका तारेच्या कुजलेल्या टोकात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत.

बॅटरी ही कणगीसारखी आहे. तिच्यात भरणा करतो तो अल्टरनेटर, ज्याला आपण सवयीने डायनामो म्हणतो. भरणा थांबला तर कणगी रिकामी होणारच. त्यात कणगीचा काय दोष? शिवाय जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचून बराच वेळ चालते. त्यामुळे हा दोष दिवसा कळत नाही, रात्री दिवे लावल्यावर कळतो.

पहिली तपासणी डोळ्यांनी. इंजिन बंद असताना पट्टा पाहा. तो भेगाळला आहे का, तेलकट झाला आहे का? दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण अर्धा इंच दबावा, त्याहून फार नको. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा, सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग टर्मिनल घासून घट्ट बसवा. बॅटरीपासून चॅसीला व इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टीही पाहा. गंजलेली अर्थिंग पुष्कळांना फसवते.

दुसरी तपासणी लाल दिव्याची. किल्ली फिरवताच चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझलाच नाही तर भरणा होत नाही. मात्र किल्ली फिरवल्यावर मुळीच लागला नाही, तर “बरे झाले” म्हणू नका. अनेक जुन्या अल्टरनेटरांना सुरुवातीचा प्रवाह याच बल्बातून मिळतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही. दोष दहा-वीस रुपयांचा, आणि बदलला जातो अल्टरनेटर!

तिसरी तपासणी मल्टिमीटरची. काही शे रुपयांत साधा मिळतो. चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. 12 किंवा त्याहून कमी म्हणजे उतरलेली. आता इंजिन सुरू करून थोडी रेस द्या. 13.8 ते 14.5 यांमध्ये आकडा आला तर भरणा ठीक आहे. दिवे आणि वायपर लावल्यावरही तो 13 च्या खाली जाऊ नये. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीतले पाणी उकळून तिचा जीव घेईल.

आकडा कमी आला तरी लगेच अल्टरनेटर उतरवू नका. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टावर आणि दुसरे बॅटरीच्या अधिक टोकावर धरा. इंजिन चालू, दिवे लावलेले असावेत. फरक 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवा. त्या कुटुंबाच्या गाडीत तो जवळजवळ दोन व्होल्ट निघाला! अल्टरनेटर वीज देत होता, पण ती वाटेतच तारेच्या टोकात जिरत होती. नवे टोक बसवले आणि काम झाले. ही तार चांगली निघाली, तरच कार्बन ब्रश व रेग्युलेटर मिस्त्रीकडून तपासून घ्या.

चार्जिंग ठीक असूनही सकाळी बॅटरी उतरते का? मग गाडी बंद असताना कोठेतरी वीज गळते आहे. मागाहून जोडलेला टेप किंवा हॉर्न आधी तपासा.

आता जिवाची गोष्ट. पुष्कळ जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. पट्टा तुटला तर चार्जिंग जातेच, पण थोड्या वेळाने ब्रेकही दगडासारखा जड होतो. लाल दिवा अचानक लागला तर “पुढच्या गावी बघू” म्हणू नका. गाडी सावकाश कडेला घ्या.

काम करतानाही जपा. भरणा होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तेथे विडी-काडी नको. आतले पाणी तेजाबाचे असते. ते डोळ्यांत उडाले तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. तारा सोडवताना उणे टोक आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. आणि चालू इंजिनात बॅटरीची तार काढून “डायनामो तपासण्याची” जुनी सवय सोडून द्या. तिने चांगला अल्टरनेटरही जळतो.

दर महिन्याला दहा मिनिटे द्या. बैलाचे खूर पाहिल्यावाचून आपण त्याला औताला जुंपत नव्हतो. ज्या गाडीवर माल आणि माणसे दोन्ही सोपवतो, तिच्याकडेही तसेच पाहावे.