आतलं की बाहेरचं?

"आतलं की बाहेरचं?" काकांनी विचारलं, आणि मी वहीच्या पानाकडे बघत राहिलो.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या मोटरवर वरचा पाइप ठिबकतो. पाइप कुणाच्या खर्चाने बदलायचा यावर एकमत होईना, म्हणून निदान मोटरवर पत्र्याचं झाकण तरी बसवू, असं ठरलं. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात. त्यामुळे भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र घेऊन उभा होतो. उलटा यू, वर ३००, दोन्ही बाजूंना १८०, लांबी ४००. टेप लावून, दोनदा मोजून. पण पत्र्याला जाडी असते हे माझ्या चित्रात कुठेच नव्हतं. २ एमएमच्या पत्र्याचं झाकण बाहेरून ३०० केलं, तर आत २९६ उरतात. मोटरचं बूड २९८ होतं.

"आतलं," मी म्हणालो.

शेडीतल्या काकांनी पेन्सिलीने ३०० च्या शेजारी 'आ' लिहिलं आणि पान आतल्या टेबलावर पाठवलं.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. त्यानंतर पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने हजारो लहान शेड उभ्या राहिल्या. ही त्यातलीच एक. या शेडीचा स्वतःचा असा माल नाही. कुणाच्या पॅनेलचं दार, कुणाच्या मशीनचं गार्ड, कुणाचा ब्रॅकेट. जो ड्रॉइंग आणेल त्याचा जॉब. गुरुवारी सुट्टी, दसऱ्याला प्रत्येक मशीनला झेंडूची माळ. दारातून आत शिरलं की डावीकडे पत्र्यांची चळत. २५०० बाय १२५० चा, २ एमएमचा एक पत्रा जवळजवळ ४९ किलो भरतो. दोघं जण तो उचलतात तेव्हा मधोमध लवतो आणि ढगांच्या गडगडाटासारखा आवाज करतो. या आवाजाची सवय झालेली माणसं बोलताना जरा मोठ्यानेच बोलतात.

पाहुण्यांना लेझर आधी दाखवतात. साहजिक आहे, सगळ्यात महाग मशीन तेच. बंद खोक्यात काळपट-हिरव्या काचेमागे एक डोकं पत्र्यावरून पळत असतं. ठिणग्या वर उडत नाहीत, पत्रा फोडून खाली पडतात. आतल्या टेबलावरची मुलगी डिप्लोमा झालेली आहे. ती वेगवेगळ्या जॉबचे आकार एका पत्र्यावर असे बसवते की मध्ये बोटभरही जागा वाया जाऊ नये. माझं झाकण तिने कुणाच्या तरी पॅनेलच्या खिडकीतून निघणाऱ्या तुकड्यात बसवलं. त्या तुकड्याचं एरवी भंगारच झालं असतं. लहान तुकडा कापून सुटला की खालच्या काट्यांवर तिरका उभा राहतो आणि पळतं डोकं त्याला धडकतं. म्हणून ती प्रत्येक लहान तुकड्याला कडेने केसभर जोड ठेवते. नंतर पोरं तो हाताने मोडतात आणि कानशीने कड मारतात.

लेझर पत्रा कापतो म्हणतात, पण साध्या लोखंडात अर्धं काम ऑक्सिजनचं असतं. प्रकाश लोखंड लाल करतो, आणि नोझलमधून येणारा ऑक्सिजन ते जाळतो. गॅस कटरचंच तत्त्व, फक्त रेघ ०.२ एमएमच्या आसपास. त्या जळण्याने कडेवर काळसर थर राहतो. वरून पावडर कोटिंग केलं की काही महिन्यांत कडेचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. म्हणून चांगल्या कामाला एकतर कड घासतात किंवा नायट्रोजनवर कापतात. नायट्रोजन जाळत नाही, वितळलेला धातू नुसता फुंकून काढतो. एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, कड अशीच चकचकीत निघते, आणि बिलही तसंच चढतं.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. लेझर कटिंगचा धंदा ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरने वर आणला, तो १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये तयार झाला. करणारे होते कुमार पटेल. त्यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. इंजिनिअरिंगची पदवी पुण्याची. बारामतीपासून भोसरी फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटर. प्रकाश मात्र न्यू जर्सीला वळसा घालून आला. आता त्या लेझरची जागा बहुतेक शेडींत फायबर लेझरने घेतली आहे. जुन्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, नव्याची साधारण १ मायक्रॉन. धातू ही आखूड लांबी जास्त शोषून घेतो, शिवाय वीजही कमी लागते. शेडीत पटेलांचं नाव मी काढलं तेव्हा कुणाला ते माहीत नव्हतं. काका म्हणाले, "बारामतीचे? मग बरोबर." का बरोबर ते त्यांनी सांगितलं नाही.

लेझरला पैसे असतील तर तो विकत आणता येतो आणि महिन्याभरात चालवता येतो. या शेडीचं नाव मात्र त्याच्यामुळे नाही. उजव्या भिंतीला प्रेस ब्रेक आहे, इथल्या भाषेत बेंडिंग मशीन. गिऱ्हाईक जातं किंवा टिकतं ते तिथे.

मशीन दिसायला काहीच नाही. वर लांब पातं, म्हणजे पंच. खाली इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली डाय. मध्ये पत्रा ठेवायचा, पाय पेडलवर, पंच खाली येतो, पत्रा खाचेत दबतो, घडी पडते. पण डाय कुठली लावायची? पातळ पत्र्याला जाडीच्या आठपट, म्हणजे २ एमएमला १६ ची. त्यातून आतली गोलाई खाचेच्या साधारण एक-षष्ठांश येते, अडीच एमएमच्या आसपास. मीटरभर घडीला जोर लागतो सोळा-सतरा टनांचा. आणि पत्रा लोखंडाचा असला तरी थोडा रबरी असतो. नव्वद अंशाला वाकवून पंच वर घेतला की तो अंशभर उघडतो, एसएस तर दोन-तीन अंश. म्हणून मुद्दाम जास्त वाकवायचं, मग तो काटकोनावर परत येतो.

हे सगळं तक्त्यात असतं. पण गेल्या महिन्याचा पत्रा २.०० आणि आजचा १.९४ निघाला, तर तोच प्रोग्राम वेगळा कोन देतो, कारण इथे पंच ०.१ एमएम जास्त-कमी गेला की कोन अर्धा-पाऊण अंश हलतो. म्हणून प्रत्येक जॉबचा पहिला पीस काका स्वतः काढतात. गुण्या लावतात, उजेडासमोर धरतात, फटीतून दिसणारी प्रकाशाची रेघ बघतात, आणि ऑपरेटरला म्हणतात, "पाच पॉइंट खाली."

मोटरच्या झाकणाचा हिशोब त्यांनी पुठ्ठ्यावर मांडला. आत ३०० म्हणजे बाहेर ३०४. बाजू आतून १८०, बाहेरून १८२. बेरीज ६६८. पण ६६८ चा पत्रा कापला तर झाकण मोठं होतं, कारण वाकताना पत्रा वाढतो. बाहेरची कातडी ताणते, आतली दबते, मधला एक थर आहे तेवढाच राहतो, आणि तो थर कोपऱ्यातून न जाता गोलाईवरून जवळची वाट काढतो. म्हणून बेरजेतून वजाबाकी करायची; ती त्यांच्या १६ च्या डायला दर घडीमागे ३.८. दोन घड्या, ७.६. कापायचा पत्रा ६६०.४. डाय १२ ची असती तर वजाबाकी ३.६ च्या आसपास आली असती. भिंतीवर तेलकट कागदावर हे आकडे आहेत. छापलेल्या आकड्यांवर पेनने काट मारून शेजारी दुसरे लिहिलेले. शेजारच्या शेडीत याच पत्र्याला वेगळा आकडा चालतो, आणि दोघांचंही माप बरोबर येतं.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्यावर हातोडीने माठारकाम होतं. तिथे भांडं ठोकताना धातू सगळीकडून सरकतो, हातोडी म्हणेल तिथे पातळ होतो. इथे उलटं. पूर्ण पत्र्याला धक्का न लावता फक्त एका रेघेवर त्याला हलवायचं. आपल्या घरातलं लोखंडी कपाट, जे गोदरेजने १९२३ पासून बनवायला घेतलं, तेही असंच घड्यांवर उभं आहे. पातळ पत्रा नुसता उभा केला तर लवतो; कडा दुमडल्या की त्यावर चार पिढ्यांच्या पैठण्या मावतात.

माझ्या झाकणाला दोनच घड्या, त्यात डोकं लावायला काही नव्हतं. पण बाजूला एका पॅनेलच्या खोक्याचा घोळ चालू होता: सात घड्या, आणि चुकीच्या क्रमाने गेलं तर शेवटच्या घडीला आधी उभी केलेली भिंत पंचावर आदळते. काकांनी खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं, कात्रीने चार कोपरे कापले आणि एकेक घडी करत गेले. पाचव्या घडीला थांबले, कार्ड उलगडलं, क्रम बदलला, पुन्हा घड्या घातल्या. कॉम्प्युटरवर हे आधी दिसतं, मुलीने दाखवलंही. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि कार्ड खिशात ठेवलं.

लांब घडीची त्यांची युक्तीही जुनीच. अडीच मीटरची घडी घातली की जोराने मशीनच मधोमध किंचित लवतं, आणि पत्र्याचा कोन टोकांना बरोबर पण मध्ये उघडा राहतो. नव्या मशीनला ते सांभाळायची सोय असते. यांच्या जुन्या मशीनवर डायखाली मधोमध कॅलेंडरच्या कागदाची पट्टी सरकवतात. त्या दिवशी तिथे श्रावण होता.

पेडल दाबण्याआधी ऑपरेटर दर वेळी "हात" म्हणतो. समोर पत्रा धरणारा हात मागे घेतल्याचं दाखवतो. जुन्या पॉवर प्रेसवर उमेदवारी केलेल्या माणसाशी हस्तांदोलन करताना कधीकधी मोजणी कमी भरते. काकांच्या डाव्या हाताची करंगळी एका पेराने आखूड आहे. त्याबद्दल मी विचारलं नाही.

आता माझी चूक. झाकणाला हवेसाठी भोकं हवीत म्हणून मी दोन्ही बाजूंना सहा-सहा काढली होती, घडीच्या रेघेपासून ५ एमएमवर, कारण तिथे ती छान दिसत होती. काका म्हणाले, "साहेब, खाली घ्या. खाच १६ ची आहे, म्हणजे रेघेपासून दोन्हीकडे ८-८ पत्रा अधांतरी असतो. भोक ओढलं जाईल."

मी म्हटलं, "हवाच जायचीय ना, चालेल."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ड्रॉइंग तसंच राहू दिलं.

चार दिवसांनी झाकण आणलं. करडं पावडर कोटिंग, वजन चार किलोच्या वर थोडं. मोटरवर बसवलं तेव्हा दोन्हीकडे एकेक एमएम उरला. बाराही भोकं वरच्या अंगाने ओढलेली, अंड्यासारखी लांबट. सोसायटीत अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी रोज गाडी काढताना बघतो.