गोळीमागच्या वायूचे गणित

घोटी : २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईतील छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या एके-४७ रायफलींसमोर काही पोलिसांच्या हाती जुन्या ३०३ रायफली होत्या. त्यांत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो. अर्धस्वयंचलित रायफलीत हेच काम गोळीमागचा वायू करतो. देवळालीच्या तोफखाना केंद्रात किंवा नाशिकच्या पोलिस अकादमीत जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या घोटी परिसरातील तरुणांनी हे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे.

बॅरलला एक बारीक छिद्र असते. गोळी ते ओलांडून गेली की तप्त वायूचा काही भाग छिद्रातून शिरून बोल्ट मागे ढकलतो. रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकते. हे छिद्र कोठे असावे, हाच कळीचा प्रश्न आहे.

छिद्र काडतुसाच्या फार जवळ असल्यास वायूचा दाब प्रचंड असतो. बोल्ट वेगाने आपटतो, धक्का वाढतो व सुटे भाग लवकर झिजतात. छिद्र दूर नेल्यास दाब सौम्य होतो; मात्र त्यापुढे बॅरल पुरेशी उरली पाहिजे. गोळी बाहेर पडताच दाब ओसरतो आणि बोल्ट अर्ध्यावरच अडकू शकतो. म्हणूनच २० इंची बॅरलच्या अमेरिकी एम-१६ रायफलीत छिद्र सुमारे १२ इंचांवर, तर साडेचौदा इंची एम-४ मध्ये सुमारे ७ इंचांवर असते. मधल्या लांबीसाठी ९ इंचांचा पर्याय आहे.

केवळ लांबीने प्रश्न सुटत नाही. धूळ व काजळी साचली की बोल्टला अधिक जोर लागतो. त्यासाठी भारतीय एसएलआर रायफलीत वायू कमी-जास्त करण्याची सोय होती. प्रत्येक बिघाडाचे मूळ वायूतच असते, असेही नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत इन्सास रायफलींची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी होत्या.

केंद्र सरकारच्या विशेष परवानगीविना सामान्य नागरिकाला अशी लष्करी रायफल बाळगता येत नाही. त्यामुळे ही निवड सशस्त्र दलांची आणि आरेखकांचीच आहे. ती चुकली, तर किंमत मात्र जवानाला मोजावी लागते.